वकिलाची फटफटी

कृष्णकांत वकिलाच्या फटफटीनं हरिदासचं डोकं पार उठवलं होतं. लढाईच्या काळातली, मिलिटरीच्या लिलावात निघालेली गाडी. पण इंजिन ठणठणीत. नालवाडीच्या रस्त्यावर हरिदासच्या दुरुस्तीच्या टपरीत ती एका किकेत सुरू व्हायची, आणि वकिलाच्या अंगणात रात्र काढली की सकाळी मेल्यासारखी पडायची. दोनदा असं झालं. वकील मग कोर्टाच्या आवारात भेटेल त्याला सांगत सुटला, "त्या हरिदासकडे गाडी देऊ नका. आहे तिचीही वाट लावतो."

हरिदास मुळात तापट. कामठीच्या फौजी वर्कशॉपात गोऱ्या साहेबाच्या शिव्या खात तो हे काम शिकला होता. लढाई संपली तशी नोकरी गेली आणि कापसाच्या जिनातली हमाली नशिबी आली. गेल्या दसऱ्याला नागपूरला दीक्षा घेऊन आला आणि ती हमाली सोडून त्यानं टपरी टाकली. वर्ध्यात फटफट्या त्या किती! नाव गेलं तर परत कापसाच्या गाठी पाठीवर घेणं आलं.

तिसऱ्यांदा निरोप आला, तेव्हा हत्यारांची पिशवी घेऊन तो वकिलाच्या अंगणातच गेला. फाटकाशी ओव्हरसियर नत्थूजी उभे होते. त्यांच्याकडेही जुनी फटफटी होती, आणि ती हरिदासला द्यावी की नाही, हेच बघायला ते आले होते.

पेट्रोल नीट येत होतं. प्लग काढून इंजिनाला टेकवला, किक मारली. ठिणगीचं नाव नाही. मग ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोचं झाकण काढलं. आत ओल, आणि पॉइंटांवर हिरवट चिकटा. पाऊस तर कधीच सरला होता, आणि नुसत्या पाण्यानं असा चिकटा धरत नाही. त्यानं बोट नाकाशी नेलं आणि झटकन दूर धरलं.

गोमूत्र!

त्यानं वर पाहिलं. ओसरीवर तांब्या ठेवलेला, त्यात दर्भाची जुडी.

"काऊन वकीलसाहेब, हे तुमी गाडीवर शिंपडून राह्यले?"

वकील चपापलासुद्धा नाही. "अरे, तुझ्याकडून आली की शुद्ध करून घ्यावी लागते. घरात देवधर्म आहे. तू मनाला लावून घेऊ नकोस."

मनाला लावून घेऊ नकोस म्हणे! अस्पृश्यता पाळणं आता गुन्हा आहे, असं हाच माणूस गेल्या महिन्यात भरसभेत घसा फोडून सांगत होता, आणि हरिदासनं पुढं बसून टाळ्या वाजवल्या होत्या. त्या टाळ्यांचीच त्याला आता किळस आली. गाडी उघडी टाकून निघून जावं, असं हजारदा वाटलं. पण तसा गेला असता तर दोष त्याच्याच माथी बसला असता. श्वास रोखून त्यानं पेट्रोलच्या फडक्यानं ती घाण पुसली, पॉइंट घासले, झाकण लावलं आणि किक मारली. गाडीनं अंगण दणाणून सोडलं.

"दोष काय होता रे?" नत्थूजींनी विचारलं.

"काही नाही, जरासं पाणी गेलं होतं," वकील घाईनं म्हणाला.

"पानी नाई. गाईचं मूत!" हरिदास सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला. "म्या हात लावला म्हनून यायनं शिंपलं. दरखेपी हेच. माह्या कामात खोट नोती."

शेजारी हसले. वकिलाचं तोंड एवढंसं झालं.

नत्थूजी मात्र हसले नाहीत. ते जवळ आले आणि वैद्याला पथ्य विचारावं तसं हळूच म्हणाले, "बरं सांगतलं तुनं. उद्या माही गाडी आणतो तुह्याकडे. घरी बजावून ठेवतो, का शिंपडायचं तं नुसतं चाकावर शिंपडा. चाकावर चालते नं?"

हरिदासचं नाव राहिलं होतं, गिऱ्हाईकही मिळालं होतं. त्यानं पिशवी उचलली, वकिलाच्या फाटकातच थुंकला आणि चालू लागला.