मूस, सन्मती आणि उणे अडतीस

सुट्टीवर गावाकडं आलं की कळंब्याच्या तलावावर फिरायला आलेले मित्र माझ्याकडं चॉकलेट मागत नाहीत, किस्से मागतात. उत्तर कॅनडात तीन हिवाळे काढलेत मी. तिथं थंडीत काही घडत नसेल असं लोकांना वाटतं. अहो, तिथं नुसतं दूध आणायला बाहेर पडलं तरी किस्सा होतो. पण सगळ्यांना हवा असतो तो मूसचा. तो एक नाही, चार-पाच आहेत, आणि सगळे एकाच शनिवारचे.

शिरोली एमआयडीसीत मी आणि सन्मती एकाच फौंड्रीत होतो. फौंड्रीत मूस म्हणजे धातू वितळवायचं भांडं. तिकडचा मूस म्हणजे हरणाच्या जातीचं जनावर, पण उंचीला घोड्याच्या वर.

सन्मती पेठ वडगावचा, जैनाच्या घरातला. कांदासुद्धा खात नाही. तिकडं खाणीची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये आम्ही दोघं लागलो आणि एकाच खोलीत राहिलो. वर्कशॉपमध्ये रॉय नावाचा साठीचा वेल्डर होता, तिथल्या मूळच्या क्री समाजातला. त्यांना घरच्या खाण्यापुरती मूसची शिकार करायची मुभा आहे. एक मूस मिळाला की रॉयच्या आणि त्याच्या बहिणीच्या घरचा हिवाळा निघायचा. दरवर्षी जावई सोबत जायचा, पण त्या वर्षी त्याच्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं. असल्या थंडीत एकट्यानं रानात जायचं नसतं. रॉयनं आम्हाला विचारलं.

मी सन्मतीला म्हटलं, "तू ऱ्हा घरात. मी जातो."

पण आदल्या हिवाळ्यात सन्मतीची गाडी भर रस्त्यात बंद पडली होती, तेव्हा बर्फातून त्याला आणायला रॉयच गेला होता. सन्मती म्हणाला, "मारायला येत न्हाय. ओढायला येतो."

*

निघायच्या आधी रॉयनं आमचे कपडे तपासले, शाळेत नखं तपासतात तसे. माझ्या अंगात कोल्हापुरातनं नेलेला सुती बनियन होता. तो त्यानं तिथल्या तिथं काढायला लावला. सुती कापड घाम धरून ठेवतं, आणि ओल्या कपड्यात उणे अडतीसमध्ये माणूस गारठून मरतो.

"सावकाश चालायचं," रॉय म्हणाला. "घाम आला तर संपलं."

सन्मती माझ्या कानाला लागला. "संज्या, फौंड्रीत घाम न्हाय आला तर मालक इचारायचा, आजारी हायस काय. हितं घाम आला तर मरायचं. आपण कुटं आलोय रं?"

त्यावर मला हसायला आलं नाही. पाठीतनं खरंच घाम सुटत होता, आणि अजून आम्ही दारातच होतो.

*

गाडीतनं उतरलो तेवढ्यात आईचा फोन आला. आपल्याकडं संध्याकाळ होती, ती देवाजवळ दिवा लावून बसली होती.

"कुटं हायस?"

"बाहेर. फिरायला आलोय."

"थंडी हाय?"

"हाय थोडी."

"कानाला काय बांधलंयस का न्हाय? आन त्यो मागं कसला आवाज..."

तेवढ्यात फोन काळा पडला. बॅटरी अर्ध्याच्या वर होती, पण थंडीनं तिनं जीव सोडला. सन्मतीचा फोन काढला, तोही गेला. रॉय बंदूक बाहेर काढत होता, तिच्या खटक्याचा आवाज आईनं ऐकला होता.

नंतर बहिणीनं सांगितलं, आई फोन मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली. जेवली नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "त्यो म्हणाला थोडी थंडी हाय. थोडी म्हणाला म्हंजे लई आसणार."

*

पुढं तळं ओलांडायचं होतं. बर्फावर चालणारी मोटारसायकल असते, स्नोमोबाईल. तिच्यावर रॉय पुढं, आणि मागं बांधलेल्या घसरगाडीत आम्ही दोघं, पोत्यासारखे.

तळ्याच्या मध्यावर रॉयनं इंजिन बंद केलं आणि पलीकडचा काठ न्याहाळू लागला. तेवढ्यात पायाखाली आवाज झाला. लांबून सुरुंग उडावा तसा, आणि मग एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत चरचरत गेला. मी सन्मतीचा हात धरला. त्यानं माझा आधीच धरला होता. तोंडानं त्याचा णमोकार मंत्र चालू झाला होता.

"थंडीनं बर्फ ताणतंय," रॉय म्हणाला. "काही होत नाही."

"कधीच होत नाही?" मी विचारलं.

रॉयनं जरा विचार केला. "माझा एक चुलतभाऊ होता," म्हणाला, आणि इंजिन चालू केलं.

*

मांस त्या दिवशी मिळालं नाही, हे आधीच सांगतो. पुढं रॉयच्या मेहुण्याला मूस मिळाला आणि दोन्ही घरांचा हिवाळा निघाला. म्हणून तर हे सांगता येतं.

काठापलीकडच्या झुडपांत ताजा माग दिसला. रॉय पुढं, त्याच्या मागं मी, आणि सन्मती बाजूला जरा उंचावर. पापण्यांवर बर्फ धरत होतं. पायांची बोटं आहेत की गेली ते कळत नव्हतं. आणि झाडीतनं मूस बाहेर आला. सन्मतीच्या समोर, आपल्या घराचं अंगण असतं तेवढ्या अंतरावर. अंगावर बर्फ, नाकातनं वाफ. उभाच राहिला.

रॉयनं नेम धरून चाप ओढला. नुसतं टक् झालं. बंदूक त्यानं गरम गाडीत ठेवली होती. तिला आतनं दव धरलं होतं आणि बाहेर येताच ते गोठलं होतं. त्यानं हातमोजे काढले आणि उघड्या बोटांनी खटका मागंपुढं करायला लागला. मूस हलला नाही. एकदाचा खटका मोकळा झाला. रॉयनं पुन्हा बंदूक खांद्याला लावली.

मधे सन्मती उभा होता.

एक पाऊल पुढं आला असेल, फार तर दोन. पाठ आमच्याकडं, तोंड मूसकडं.

"बाजूला हो," रॉय दबक्या आवाजात म्हणाला.

सन्मती हलला नाही. मला वाटलं, जनावर आता याच्या अंगावर येतंय. मूसनं कान मागं पाडले, मग सैल सोडले, आणि वळून सावकाश झाडीत गेला.

रॉयनं बंदूक खाली केली. त्याची बोटं मेणासारखी पांढरी झाली होती. "चूक माझी. बंदूक बाहेर ठेवायला हवी होती," एवढंच तो बोलला आणि हातमोजे घालू लागला, पण बोटं वाकत नव्हती.

सन्मती माघारी आला. त्यानं आपलं जॅकेट उघडलं, आतला स्वेटर वर केला, रॉयचे दोन्ही हात धरून आपल्या उघड्या पोटाला लावले आणि वरनं जॅकेट ओढलं. थंडीनं त्याचे दात वाजत होते, तरी त्यानं हात सोडले नाहीत. दोघं तसेच उभे राहिले, एकमेकांच्या तोंडासमोर तोंड.

बऱ्याच वेळानं रॉयनं विचारलं, "तू हलला का नाहीस?"

सन्मतीचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं. तरी तो मराठीतच बोलला. "काका, मला बी ठावं न्हाय."

रॉयनं माझ्याकडं बघितलं. मी इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं.

"राहू दे," रॉय म्हणाला. "कळलं मला."