भरली टाकी

मत्स्यबीज केंद्रात त्याला सगळे मास्तर म्हणत. शिकवलं त्याने फक्त माशांना, मूठभर खाद्य पडताच वर कसं यायचं ते. सव्वीस वर्षं तो दूरच्या मुलखातून आणलेले ट्राउट जातीचे मासे वाढवत होता, आणि सुट्टीत गळ टाकून बसणाऱ्या हौशी लोकांसाठी मोठ्या तलावात सोडत होता.

केंद्राचा नियम असा: टाकीतून बाहेर गेलेला मासा परत आणायचा नाही, तो रोग आणतो. उरलेले वाटेतल्या पाण्यात सोडायचे. नऊ वर्षांपूर्वी त्याने अशीच एक बादली खालच्या तळ्यात ओतली. चाळीसेक असतील. तीन वर्षांत त्यांनी तिथले मूळचे, बोटभर पट्टेरी मासे खाऊन संपवले.

आता ते पट्टेरी मासे फक्त वरच्या तळ्यात उरले होते. हे त्याला सांगितलं त्याच्या मुलीनेच. ती तळ्यांची पाहणी करायची. खालचे कोणी घालवले, ते तिला माहीत नव्हतं.

आज तलावाकडे मासे नेणारा ट्रक नेमका वरच्या तळ्याशी अडला. पुढे दरड कोसळली होती, खालचं तळं आणि तलाव दोन्ही तिच्या पलीकडे. मागे केंद्र दोन तासांवर.

"भावोजी, प्राणवायूचा काटा लालवर आलाय," ट्रक चालवणारा मेहुणा म्हणाला. "फार तर वीस मिनिटं. पाइप लावून इथेच तळ्यात सोडतो."

"नको."

"आठशे जीव आहेत! त्या बोटभर चिल्लरीसाठी मारणार? ताईला कळलं तर घरात घेणार नाही तुम्हाला."

"तुझी ताई तशीही माशांचा वास येतो म्हणून दारातच उभं करते."

मेहुणा हसला नाही. मास्तर टाकीवर चढला. झाकण उचललं, तर सगळी तोंडं वर, उघडी. सवयीने त्याच्या बोटांकडे येत होती. खाली काहीतरी खरखरलं. मेहुण्याने पाइप ओढत नेऊन त्याचं तोंड तळ्यात टाकलं होतं, आणि त्याचा हात टाकीच्या तोटीवर होता.

"हात काढ!"

मास्तर उडी मारून उतरला, गुडघाभर पाण्यात शिरला, पाइप उपसून दगडांवर फेकला. मग वर चढून प्राणवायूची चावी त्याने स्वतःच बंद केली. तडफड लांबवायची कशाला?

ओल्या हातांनीच मुलीला फोन लावला.

"बाबा? पोहोचलात?"

"खालच्या तळ्यातले पट्टेरी मी घालवले," तो म्हणाला.

पाठीमागे टाकीचा पत्रा अजून आतून वाजत होता. फोन कानाला तसाच धरून तो उभा राहिला.