गेनोवेफाबाईंच्या स्वयंपाकघराचं छत

ओल्शिनेकचं स्टेशन गावापेक्षा मोठं आहे. एके काळी दोन बादशहांच्या हद्दी तिथे भिडत होत्या, म्हणून पहिल्या वर्गाचं प्रतीक्षालय राजवाड्याच्या थाटात बांधलं होतं. पुढे बादशहा गेले, प्रवासीही गेले. रेल्वेने त्या दालनात लाकडी भिंती घालून नोकरांची बिऱ्हाडं थाटली. त्यातलं एक, गाड्यांसाठी रूळ बदलणारा सांधेवाला आलोयझी पेंकाला आणि त्याची बायको गेनोवेफा यांच्या वाट्याला आलं.

त्यांच्या स्वयंपाकघराच्या छतावर रंगवलेल्या तीन बाया होत्या, अंगावर कपडे बेताचेच. तिकडे नाताळानंतर फादर घरोघर आशीर्वाद द्यायला येतात. लग्नानंतरच्या पहिल्याच जानेवारीत फादरांनी पाणी शिंपडायला मान वर केली, ती बराच वेळ खाली आणली नाही. दुसऱ्या दिवशी आलोयझीने सिग्नलची शिडी आणली आणि तिन्ही बायांवर चुना मारला. तो विषय तिथे संपला.

चव्वेचाळीस वर्षांनी सरकारने ते स्टेशन जपायचं ठरवलं. आलोयझीला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. रेल्वेने गेनोवेफाबाईंना बाजारामागे नवं घर देऊ केलं. बाईंनी ते नाकारलं. शेवटी जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या कालिनाने थेट त्यांच्या चुलीवरच परांची बांधली आणि काम सुरू केलं. चरबीत कांदा परतायचा नाही, एवढी एकच अट तिने घातली. बाई बिटाच्या सारावर आल्या आणि दुपारी एक वाडगा परांचीवरही देऊ लागल्या.

जानेवारीत नवे फादर आले. तोवर एक बाई कंबरेपर्यंत उघडी झाली होती.

"या कोण?" फादरांनी विचारलं.

"वाहतूक," गेनोवेफाबाई म्हणाल्या. कालिनाने त्यांना तसंच सांगितलं होतं. उरलेल्या दोघी व्यापार आणि उद्योग यांची रूपं होत्या.

वरून कालिनाने पाणी जरा खालीच शिंपडायची विनंती केली. फादरांनी नुसत्या टेबलाला आशीर्वाद दिला.

मार्चमध्ये तिसरी बाई मोकळी झाली. बाकीच्या खोल्यांतली चित्रं इंजिनांच्या काजळीने कधीच खाल्ली होती.

"काकू, काकांनी चुना मारला नसता, तर इथेही काही उरलं नसतं," कालिना म्हणाली.

गेनोवेफाबाई स्टुलावर बसल्या. "आणि मी जन्मभर त्यांना बोलत आले," त्या म्हणाल्या, "चुना धड मारता आला नाही म्हणून."

एप्रिलमध्ये त्या आपण होऊन नव्या घरी गेल्या. दालन लोकांसाठी उघडलं तेव्हा भिंतीवर पाटी होती: ही चित्रं एका अज्ञात व्यक्तीने चुन्याखाली झाकली. बाईंनी आलोयझीचं नोकरीचं पुस्तक जोडून स्टेशन जपणाऱ्या सरकारी कचेरीला तीन पत्रं पाठवली. तिसऱ्याला उत्तर आलं. नव्या पाटीवर आलोयझी पेंकाला, सांधेवाला, असं नाव लागलं, खाली चुना मारल्याचं साल.

बाईंनी चष्मा लावून पाटी दोनदा वाचली. साल एक वर्षाने चुकलं होतं. कालिना लगेच कचेरीत कळवायला निघाली, तर बाईंनी तिला थांबवलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "नाहीतर पुन्हा अज्ञात करून टाकतील."