तुलारामभाऊंची मशीन आणि माझा वातीचा कापूस

भिंत उंच असली की शेजारच्याची नुसती खबर कळते. भिंत कमरेएवढी असली की किस्से जमतात. आमचं घर आणि तुलारामभाऊंची शेड यांच्यामधली भिंत कमरेएवढीच आहे, त्यात माझा काय दोष? उरलेल्या भातासारखे हे किस्से साचत जातात. टाकवत नाहीत आणि एकटीने संपतही नाहीत.

आधी शेडचं सांगते. आमगावात रेल्वे फाटकाच्या पुढे भाऊ पूर्वी राइस मिलचं सामान बनवायचे. मग औषधाच्या कंपन्यांसाठी स्टीलची मशीन बनवायला लागले. ही मशीन पावडरचा भरलेला ड्रम कवेत धरते, डोक्याच्या वर उचलते आणि खालच्या भांड्यात उलटा करते. इंजेक्शनचं औषध असतं, त्यामुळे माणसाचा हात लागता कामा नये. स्टीलमध्ये केसाएवढी भेग राहिली तरी तिथे पावडर अडकते, जंतू बसतात. प्रत्येक कंपनीचा ड्रम वेगळा, छत वेगळं, म्हणून प्रत्येक मशीन मापाची.

"म्हणजे ब्लाउजसारखंच की!" मी म्हटलं.

"तसंच जी वहिनी. फक्त इथं वेल्डिंगचा टाका दिसला का माल वापस!"

*

पहिली मशीन ट्रकवर चढवायची होती. रमेश वेल्डर आणि आणखी पाच जण बांबू लावून घामाघूम झाले होते. सौंदडहून आलेले माझे दीर भिंतीला टेकून बघत होते.

"भाऊ, ही किती उचलते?"

"दोनशे किलो."

"मंग सोताच काऊन नाही चढत?"

रमेशच्या हातातला बांबूच सुटला!

*

दुसऱ्या मशीनच्या वेळी ट्रायलला पावडर नव्हती. भाऊंनी ड्रममध्ये धानाचा कोंडा भरला आणि व्हिडिओ कॉलवर कंपनीच्या साहेबांना ऐटीत दाखवला. मशीनने ड्रम उचलला, उलटा केला. शेडभर कोंडा!

"हे काय आहे?" साहेब ओरडले. "निर्जंतुक मशीनमध्ये कोंडा?"

"चाळून घेतला जी साहेब!"

आम्ही किती हसलो तेव्हा! त्या कंपनीचा फोन मात्र पुन्हा आला नाही. वर्षभर शेडमध्ये फक्त गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या बनल्या. मग एका दुसऱ्या कंपनीने एका मशीनची ऑर्डर दिली. ही पास झाली तर पुढचं काम, नाही तर शेडला कुलूप.

*

दसऱ्याला लोखंडाची पूजा असते. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई, निर्जंतुक वगैरे मला काय कळतं? मशीनच्या चकचकीत तोंडाला पाच बोटं कुंकू लावलं. भाऊ रागावले नाहीत. स्पिरिटने पुसलं आणि चेहरा अगदी चार बोटांवर नेऊन म्हणाले, "पाहा वहिनी, आरशावानी!"

टाक्याच्या भेगेत कुंकवाची लाल रेघ तशीच होती, भांगात असते तशी. मला दिसली. रमेशला दिसली. भाऊंची बायको देवका, तिलाही दिसली.

रमेश म्हणाला, "हो भाऊ, चकाचक." आणि गुपचूप ग्राइंडर उचलला.

*

दुसऱ्या दिवशी देवका भिंतीपाशी आली. "वहिनी, यायले काचबिंदू हाय. कंपनीले कळलं का टाका पाहणाऱ्यालेच दिसून नाही राहिलं, तर मशीन न पाहताच वापस करन. शेडले कुलूप लागन."

"मी कोणाला सांगते का गं?"

"म्हणून तं आली. आधी तुमच्या तोंडाले लावा!"

लावलं. आयुष्यात पहिल्यांदाच.

*

एका सकाळी मी मागे नळावर होते. भिंतीवर माझं हिरवं पातळ वाळत होतं. भाऊ त्याच्यासमोर उभे राहून बोलत होते.

"वहिनी, कायले अशा गुमसुम उभ्या? तब्येत बरी हाय ना?"

मी चवड्यावर चालत गेले, पातळामागे उभी राहिले आणि म्हटलं, "बरी आहे भाऊ."

"हं! बोलून नाही राहिल्या, तं वाटलं खरंच बिमार हाय!"

मी हसले. मग पातळालाच डोळे पुसले.

*

गोंदियाच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळा. भाऊ येऊन म्हणाले, "आपल्या मशीनवानीच हाय वहिनी. एकदा उलटी झाली का मांगं कणभर राहत नाही."

"देव आहे ना भाऊ."

"हाय जी. पण त्याचं सर्विस सेंटर गोंदियात नाही!"

*

त्यानंतर ते रोज माझ्याकडे वातीचा कापूस मागायला लागले. चिमूटभर पिंजलेला कापूस टाक्यावरून हळूहळू फिरवायचे. एक तंतू जरी अडकला तरी बोट ठेवायचे. "रमेश, इथं."

"भाऊ, मशीनची आरती करून राहिले का?" रमेश चिडायचा. पण घासायचा. एका टाक्यासाठी आठ-आठ वेळा. मी संध्याकाळी देवाला एकच वात लावायला लागले. बाकीचा कापूस शेडला.

*

थंडीत कंपनीचे साहेब मशीन तपासायला आले. टोपी, हातमोजे, टॉर्च, स्टीलचा खरखरीतपणा मोजायचा छोटा मीटर. शेडच्या दारापासून मशीनपर्यंत अकरा पावलं, भाऊंनी आठवडाभर मोजून ठेवली होती. बरोबर चालले. देवका चहाचा ट्रे धरून त्यांच्या कोपराशी उभी. मी भिंतीपाशी, तोंडाला पदर लावून.

साहेबांनी तासभर एकेक टाका तपासला. ड्रम उचलून पाहिला, उलटा करून पाहिला. शेवटी म्हणाले, "सगळं ओके." आणि खिशातून पेन काढला.

देवकाने माझ्याकडे बघितलं. मी मनातल्या मनात नारळ फोडला.

"थांबा जी," भाऊ म्हणाले.

त्यांनी खिशातून कापूस काढला. मीटर जात नाही अशा जागी, मशीनच्या तोंडाच्या आतल्या वळणाखाली हात घातला, सावकाश फिरवला. हात थांबला.

"इथं अडकून राहिलं."

रमेशने डोळे मिटले. देवकाने एका हाताने ट्रे सावरत मागून भाऊंचा शर्ट ओढला. भाऊ हलले नाहीत.

साहेब वाकले. टॉर्च मारला. चष्मा काढून पुसला, परत लावला, पुन्हा वाकले.

"भाऊ, मला तर इथं काहीच दिसत नाही."

"मले बी नाही दिसत जी," भाऊ म्हणाले. "पोळ्यापासून."

देवकाने ट्रे खाली ठेवला. साहेबांनी टॉर्च बंद केला आणि कापसासाठी हात पुढे केला.