चाचांच्या नंबरावर

उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, माझ्या वडिलांनी, अण्णांनी, बत्तीस वर्षं पाठीवर पोती वाहिली, आणि ज्या दिवशी ते फळीवरून पडले त्या दिवशी कागदोपत्री ते कामावर नव्हतेच. लातूरच्या कामगार ऑफिसात हे मी इतक्या वेळा सांगितलंय की सांगताना आता माझा आवाजही चढत नाही. तेव्हा चढायचा.

हमालांच्या टोळ्या असतात. टोळीतल्या प्रत्येकाला नंबर असतो आणि त्या नंबराचा बिल्ला असतो; बिल्ला नाही तर काम नाही. सकाळी मुकादम नंबर पुकारतो, हजेरी मांडतो. न आलेल्याचा खाडा पडतो, असा नियम. पण मोंढ्याचा रिवाज वेगळा. कुणाच्या घरी लग्न, मयत, बाळंतपण निघालं की सुट्टीवर असलेल्या दुसऱ्या टोळीतला कुणी त्याच्या नंबरावर उभा राहतो. नंबर एकाचा, ‘हाय’ म्हणणारा दुसराच, आणि मुकादम मान खाली घालून खूण करतो. मान वर केली तर दिसेल ना! यात कुणालाच लबाडी वाटत नव्हती. मला लहानपणी टायफॉइड झाला तेव्हा आठ दिवस अण्णा माझ्या उशाशी बसून होते आणि त्यांच्या नंबरावर चाचा ‘हाय’ म्हणत होते.

चाचा आमच्या मागच्या गल्लीत राहायचे. टोळी वेगळी, पण मोंढ्यातून घरी येताना दोघं नेहमी बरोबर, आणि आमच्या घरी चहा घेतल्याशिवाय चाचा पुढे जायचे नाहीत. त्यांना साखर इतकी लागायची की आई म्हणायची, यांना चहा कशाला, पाकच देते. अण्णा तेवढ्यावर दहा मिनिटं हसायचे. ते फार बोलणारे नव्हते; चाचा आले की मात्र आमच्या घरात अण्णांचा आवाज ऐकू यायचा.

अण्णा पडले ते दिवस सोयाबीनच्या हंगामाचे होते. चाचांची मधली मुलगी बाळंतपणात अडली आणि तिला नांदेडच्या दवाखान्यात हलवलं. चाचा सकाळच्या पहिल्या गाडीने नांदेडला गेले. अण्णांच्या टोळीला त्या दिवशी सुट्टी होती, तेव्हा कुणी सांगायची गरजही पडली नाही. अण्णा चाचांच्या नंबरावर जाऊन उभे राहिले.

ट्रक आणि आडतीच्या दुकानाचा ओटा यांच्यामध्ये लाकडी फळी टाकलेली असते, तिच्यावरून पोती न्यायची. एका फाटक्या पोत्यातून त्या फळीवर सोयाबीन सांडलं होतं. सोयाबीनचा दाणा गोल आणि गुळगुळीत. तो झाडून घ्यायचं काम कुणाचं, हा प्रश्न माणूस पडल्यावरच निघतो. दुपारी अण्णांचा पाय त्या दाण्यांवरून सटकला. ओट्याच्या कडेवर ते पाठीवर आदळले आणि पाठोपाठ पोतं अंगावर आलं. उदगीरहून त्यांना लातूरला नेलं. कमरेखाली काहीच कळत नाही, असं त्यांनी मला वाटेतच सांगितलं, अगदी शांतपणे, जशी काही घरातली एखादी वस्तू सापडत नसावी.

मी उदगीरलाच एका सेवा केंद्रात कॉम्प्युटरवर लोकांचे अर्ज भरते. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, निराधारांचं अनुदान, काय वाट्टेल ते. कामावर पडलेल्याला नुकसानभरपाई मिळते हे मला ठाऊक होतं. ती मिळाली असती तर अण्णांचे पुढचे उपचार नीट झाले असते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी, मालिश करणारा माणूस, सगळं झालं असतं. अर्ज मी एका बैठकीत भरला. मला वाटलं, आपल्या हातचं काम आहे.

मुकादमाने लिहून दिलं की सदर हमाल त्या दिवशी सुट्टीवर होता, मोंढ्यात सहज भेटायला आला असता पाय घसरून पडला. आडतवाल्यानेही तेच सांगितलं. टोळीतले लोक घरी येऊन अण्णांचे पाय दाबायचे, डोळ्यांत पाणी आणायचे, पण साक्ष द्यायला एक जण तयार होईना. प्रत्येक जण कधी ना कधी दुसऱ्याच्या नंबरावर उभा राहिलेला. लातूरच्या ऑफिसातल्या बाबूने माझ्यासमोर हजेरीची प्रत ठेवली आणि विचारलं, सुट्टीवरचा माणूस कामावर पडतो कसा? मी त्याच्याशी भांडले. खरं तर तो माणूस वाईट नव्हता. त्यानेच मला हळू आवाजात सुचवलं की ज्याचा नंबर आहे त्याने लेखी दिलं, मी त्या दिवशी नांदेडला होतो म्हणून, आणि दवाखान्याचा कागद जोडला, तर दावा उभा राहील. त्याचा बिल्ला मात्र जाईल, हेही त्यानेच सांगितलं.

घरी येऊन मी अण्णांना हे सांगितलं.  ते छताकडे बघत म्हणाले, “त्याला काही इचारायचं न्हाई. माझ्या गळ्याची आण हाय तुला.”

चाचा तेव्हा रोज यायचे. अण्णांना कुशीवर वळवायचे, दाढी करायचे, मोंढ्यातल्या बातम्या सांगायचे. मी दारातून बघायची आणि माझं डोकं फिरायचं. या माणसाच्या जागी माझा बाप पडला आणि हा बसून चहा पितोय. आज मला त्या विचाराची लाज वाटते, पण तेव्हा तो रोज यायचा हे खरं. शेवटी संक्रांतीनंतर मी आण मोडली. मागच्या गल्लीत गेले, चाचांना ओट्यावर बसवलं आणि घरूनच टाइप करून नेलेला जबाब त्यांना वाचून दाखवला.

त्यांनी तो दोनदा वाचायला लावला. धाकट्या मुलीचं लग्न मे महिन्यात ठरलं होतं. बिल्ल्याशिवाय बापाला कोण विचारतो? ते त्यांनी एकदाच, खाली बघत सांगितलं. मग म्हणाले की अण्णाला विचारून सांगतो. तिथे मी घाबरले. अण्णांना कळलं तर सगळंच संपलं. घाबरले की मी चिडते, हा माझा जन्माचा दोष.

“कागद हातात असेल तरच आमच्या दारात या,” मी म्हटलं. “तोवर अण्णांना तोंड दाखवू नका.”

“बरं,” चाचा म्हणाले.

ते यायचे थांबले. पहिले दोन दिवस अण्णा दाराकडे बघत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, आज पण आला न्हाई का? मी सांगितलं, हंगाम आहे, काम लई आहे. दाढी मी करायला लागले. मला ती नीट जमायची नाही. माघ गेला, फाल्गुन गेला. अण्णांच्या पाठीला जखमा झाल्या, त्या चिघळल्या. दुपारी गल्लीत चपलांचा आवाज आला की ते मान उचलायचे. मला वाटायचं, आज येतील चाचा, कागद घेऊन येतील, आणि मग मी त्या दोघांना हवा तितका चहा करून घालीन. आईला मी काहीच सांगितलं नव्हतं. तीच चाचांना बोल लावायची, मतलबापुरता मैतर म्हणायची, आणि मी ऐकून घ्यायची.

मे महिन्याच्या शेवटी अण्णा गेले. तिरडी उचलली तेव्हा चाचा रस्त्याच्या पलीकडे टपरीशी उभे होते. टोळीतल्या लोकांनी हाताने बोलावलं, तरी ते अलीकडे आले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला फक्त ‘या’ म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. लोकांना वाटलं, काय पाषाण माणूस आहे.

दहाव्यानंतर एका सकाळी ते दारात आले. उंबऱ्याच्या बाहेर उभे राहून त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. मुलीचं लग्न पार पडलं आणि त्याच आठवड्यात अण्णा गेले; तरी त्यानंतरच्या सोमवारी ते लातूरला जाऊन जबाब देऊन, अंगठा उठवून आले होते. बिल्ला जमा करून घेतला होता. त्या कागदावर पुढे दावा मंजूर झाला, आईच्या नावाने. त्याबद्दल मला काही लिहायचं नाही.

“कागद आणलाय बेटा,” चाचा म्हणाले. “आता आत येऊ का?”

मी त्यांचा हात धरून त्यांना आत आणलं. मला रडू आवरेना, तेच माझ्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. मग अण्णांच्या बाजेजवळ खाली बसले. बाजेवर हात ठेवून त्यांनी विचारलं, अण्णा कधी काही म्हणायचा का? मी सांगितलं, रोज विचारायचे.

“मग तू काय सांगायची?”

“सांगायची, मोंढ्यात गाड्या लागल्यात, चाचांना सवड नाही.”

“मे महिन्यात पण?”

मी मान डोलावली. चाचांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तो असता तर मला बरं वाटलं असतं.

“मे महिन्यात मोंढ्यात नुसत्या चिमण्या असतेत, बेटा,” ते म्हणाले. “त्याला कळलं असंल.”

शेवटचे पंधरा दिवस अण्णांनी चाचांचं नाव काढलं नव्हतं. मला वाटलं होतं, आजारात विसरले, आणि खोटं बोलणं टळलं म्हणून मला बरं वाटलं होतं.