आत्याची कांडवेल

निजामाच्या राज्यात आमचं गाव हद्दीलगत होतं. पलीकडं बार्शी, नुकत्याच स्वतंत्र झालेल्या हिंदुस्थानात. आमच्या परसाच्या कुंपणावर माझ्या विधवा आत्यानं कांडवेल चढवली होती. चौकोनी, मांसल कांड्यांची वेल. कुणाचा हात मोडला, पाय मुरगळला की माणसं आत्याकडं यायची. कांड्यांच्या रसानं खाज सुटते म्हणून ती आधी हाताला तूप चोळायची, मग कांड्या वाटून गरम लेप लावायची आणि वरून बांबूच्या कामट्या बांधायची.

रझाकारांच्या धामधुमीत, आषाढात, आत्या गोठ्यात घसरून पडली. मांडीचं हाड मोडलं. आई कांड्या तोडायला धावली, तेव्हा आत्याच म्हणाली, "वैनी, हे वेलानं जुळायचं न्हाय. मांडीचं हाड हाय."

बार्शीला मोठा दवाखाना होता. वडिलांनी गाडीत कडबा पसरला, वर गोधड्या टाकल्या आणि तिला उचलून ठेवलं. मीही बसले. नाक्यावर बंदूकवाल्यांनी गाडी अडवली.

"रस्ता बंद है. वापस जाव."

"बहीण हाय माझी, मांडी मोडलीया. बघा की," वडील हात जोडून म्हणाले.

एकानं बंदुकीच्या टोकानं गोधडी उचलून पाहिलं. तरी सोडलं नाही. परतताना आत्यानं पदर दातांत धरला होता. एकदाच बोलली, "दादा, बैलं सावकास हाका."

आई रोज लेप लावत राहिली. आत्या अडवायची नाही. एकदा शेजारच्या गावची बाई हात मोडलेली लेक घेऊन आली. आईनं तिला परत पाठवायचं ठरवलं होतं, पण आत्यानं पोरीला बाजेजवळ बसवलं आणि पडल्या पडल्या कामट्या बांधल्या. "रडू नको गं. तुझं जुळंल," म्हणाली. पोर गेल्यावर तिनं भिंतीकडं तोंड केलं.

पाठीला जखमा झाल्या, ताप चढला. श्रावणात ती गेली.

भाद्रपदात हिंदुस्थानची फौज आली, नाका ओस पडला. वडील ज्वारी घेऊन बार्शीच्या बाजाराला जाऊन आले. आईनं ताट वाढलं. घास हातात धरून ते म्हणाले, "दवाखाना अगदी रस्त्यालाच हाय. दुपारच्या आत पोचलो मी."

ते तसेच उठले आणि बैलांना पाणी दाखवायला गेले.