रांजणाजवळची सीताफळे

घरी आलेल्या माणसाआधी नाना त्याची पिशवी पाहत. आत पेरू असो की केळी, फळ नाकाशी धरत, डोळे मिटत आणि मगच "बसा" म्हणत. धामणगाव बढ्याच्या शाळेत मी शिक्षिका म्हणून रुजू झाले आणि नानांची पुढची खोली भाड्याने घेतली, त्या दिवशी माझी संत्रीही त्यांनी अशीच तपासली. एक बाजूला काढले. "हे आजच खा. बाकीच्याईले नासवते हे."

मला टाचणांची सवय. त्यांचे ऐकून वही भरू लागली. फळ धुऊन ठेवू नये, खाताना धुवावे. देठ मोडू नये. केळ्यांचा घड टांगावा. लिंबे ओल्या फडक्यात. एकदा पेरू पिकला का, हे मी बोटाने चाचपले, तर म्हणाले, "दाबून काऊन पाहता, बाई? आज दाबलं तिथंच उद्या सडते. नाकानं इचारा त्याले."

सगळ्यांत हट्टी फळ सीताफळ. परसातल्या झाडाची फळे नाना दसऱ्यापासून थोडी थोडी उतरवत आणि रांजणाजवळच्या गार वाळूवर, एकमेकांना न टेकता मांडत. रोज सकाळी प्रत्येक फळ उलटे करत. एकटा माणूस एवढी फळे कोणासाठी राखतो, याचे मला मोठे कुतूहल.

शेजारच्या काकूंनी सांगितले. नानांची मुलगी कमल डोणगावला दिलेली. लग्नात मानपानावरून व्याह्यांशी बोलाचाली झाली, आणि तीन वर्षांत ती माहेरी आलीच नव्हती. दर दिवाळीला निरोप येई, पुढच्या आठवड्यात पाठवतो. तिच्या आवडीची सीताफळे नाना तेवढे दिवस धरून ठेवत आणि शेवटी गल्लीत वाटून टाकत. बोलावल्याशिवाय डोणगावला जायचे नाही, हा त्यांचा हेका.

त्या दिवाळीलाही तोच निरोप आला. नाना कामासाठी दोन दिवस मलकापूरला गेले होते. जमिनीवर पसरलेली फळे मला पाहवेनात. मुंग्या लागतील म्हणून मी ती लहानमोठी निवडून ज्वारीच्या कोठीत नीट लावली. आमच्याकडे आंबे धान्यातच ठेवत.

नाना परतले ते दारातच थांबले. वास घेतला आणि सरळ कोठीकडे गेले. दाण्यांच्या उबेने एकूण एक फळ मऊ झाले होते. मला रडू आवरेना. ते रागावले नाहीत. एक फळ तळहातावर घेऊन त्यांनी नाकाशी धरले.

"आता हे काई थांबत नाई, बाई," ते म्हणाले. "आपल्यालेच जा लागते."

टोपलीत निंबाचा पाला अंथरून त्यांनी फळे एकेक करून ठेवली. सकाळच्या पहिल्या एसटीने निघाले, बुलढाण्याला गाडी बदलली, आणि सगळी वाट टोपली मांडीवर. तिसऱ्या दिवशी परत आले तेव्हा रिकामी टोपली कमलच्या कडेवर होती.

व्याही काय म्हणाले, असे मी विचारले. नाना पायरीवर बसून वहाणा काढत होते. "काई नाई. म्हणे, आमी तर तुमचीच वाट पाहून राह्यलो होतो."

नाना जाऊन बरीच वर्षे झाली. माझ्याकडे आता फ्रीज आहे, आणि ती वही त्याच्यावरच असते. प्रत्येक फळापुढे ते किती दिवस टिकते, ते लिहिलेले आहे. सीताफळापुढे दिवस नाहीत. तिथे लिहिले आहे: पिकले की नेऊन द्यावे.